पिंप

सासूने दिलं तेव्हाच बजावलं होतं,
हे पिंप कधी धुवायचं नाही.
खरवडायचं, भट्टीमागे वाळवायचं.
लाकडाच्या भेगांत विरजण झोपतं.
राय धान्याचं पीठ नि कोमट पाणी घातलं
की पहाटेपर्यंत आंबट श्वास टाकत उठतं.
कुह्मोच्या या स्वयंपाकघरात
एकोणचाळीस वर्षं, दर शुक्रवारी,
मी त्याला उठवलं.

मग कायानीच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घातली.
पडद्यावर माझंच आतडं.
"इथे मखमल असायला हवी होती, लेम्पी.
इथे घासून गुळगुळीत झालेली फरशी आहे."
गहू नाही, जव नाही,
आणि राय तर बघायचीसुद्धा नाही.
हे तिने अशा आवाजात सांगितलं
जसं कुणी गेल्याचं सांगतात.

घरी आले तर आर्मास पाव कापत होता.
ऐकून त्याने सुरी खाली ठेवली,
मग पुन्हा उचलली.
भूक लागली होती त्याला,
आणि खोटं दुःख त्याला कधी जमलं नाही.

आता फ्रीजमध्ये, खारवलेल्या माशामागे,
पांढरी बाटली. साठ कॅप्सूल.
एकेकीत दहा अब्ज जीव, असं लेबल म्हणतं.
मोजायला कोण बसलं होतं?

पहिली बाटली मी परत केली.
घडीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत होतं:
जवाचा अंश असू शकतो.
भिंग लावून दाखवलं तेव्हा
दुकानातल्या मुलीचे कान लाल झाले.
दुसरी देताना म्हणाली,
"गुण येईल, कदाचित येणारही नाही.
पक्कं अजून कुणालाच ठाऊक नाही.
पथ्य मात्र मोडू नका."
खरं बोलली, म्हणून घेतली.
एकोणीस युरो नव्वद.

रात्री लेबलवरची लॅटिन नावं
मोठ्याने वाचत बसले, चर्चमध्ये वाचतात तशी.
एका नावाशी जीभ अडखळली.
हे तर भेगेतलं कुणीतरी!
निदान त्यांच्या भाऊबंदकीतलं.
ज्यांना मी शुक्रवारी पाणी पाजलं
तेच आता पावतीसह, थंडगार,
माझ्या घशाखाली उतरायला आलेत.

पिंप सुनेकडे जाणार होतं.
ती म्हणाली, शेवटचा हात लावा ना.
मी हातमोजे चढवले.
वाळलेल्या थराला अजून तोच वास.
दारापाशीच थांबले,
मोजे काढले, घडी करून खिशात ठेवले.
"धुवू नकोस," एवढंच म्हटलं.

दुपारी तीनलाच अंधार.
पोटात काहीतरी गुरगुरतं,
आलेले पाहुणे की जुनंच भांडण, कळत नाही.
या बाबांनो, राहता आलं तर राहा.
झालं गेलं सगळं
मी पोटात घालते.

उद्या पुन्हा तांदळाचा पाव.
कापताना ढासळतोच तो.
आर्मास चुरा गोळा करून
खिडकीबाहेर चिमण्यांसाठी ठेवतो.