किती माणसांचा चहा

सूरच्या बाजारात, मासळीच्या लिलावामागच्या बोळात,
गळ, दोऱ्या, कोळसा आणि तंबू विकणारा दादकरीम
माझ्यापुढे तीन स्टोव्ह मांडतो,
स्थळांचे फोटो मांडावेत तसे, जरा अंतर ठेवून.

पहिला दोन बर्नरचा, सुटकेससारखा उघडणारा:
"फॅमिलीसाठी."
दुसरा चपटा, आडवा डबा आत सरकवायचा, खट् केलं की पेटतो:
"कंपनीची पोरं नेतात. वाळूत मटण करतात."
तिसरा मुठीत मावतो. तीन पाय, एक स्क्रू.
त्याच्याबद्दल तो काही बोलत नाही.

"किती माणसांचा चहा?"

मी बारा बारा तास गॅसच्याच पडद्यांपुढे बसते.
गारठून गारठून तो पाण्यासारखा होतो, जहाजात चढतो,
कुठल्या देशातला भात शिजवतो, मला माहीत नाही.
एका बोटानं मी अख्खी लाइन गप्प करू शकते.
रात्रपाळीत खिडकीतून फ्लेअरची ज्वाळा दिसते,
दहा मजली असेल.
तिच्यावर आजवर कुणी आधण ठेवलेलं नाही.

आणि दादकरीम मला समजावतो,
"व्हॉल्व्ह असा, सिस्टर. हळू. घाबरायचं नाही."
मी घाबरत नाही. शिकवू देते.
इतक्या मायेनं मला व्हॉल्व्ह कुणीच शिकवला नव्हता.

"एका," मी म्हणते.
तो माझ्या खांद्यावरून मागे बघतो,
नवरा, भाऊ, निदान ड्रायव्हर.
मागे फक्त ऊन आणि माझी गाडी.

मग मी खरं विचारायचं ते विचारते:
थंडीत ब्यूटेन आळसावतं, यात प्रोपेन किती?
वाऱ्यात टिकेल?
दादकरीम स्टोव्ह पेटवतो
आणि गरम दुधावर घालावी तशी फुंकर घालतो.
ज्योत आडवी होते. उठते.
"बघा. जिद्दी आहे."
साडेसहा रियाल. तो सहा घेतो,
वर एक काडेपेटी टाकतो. "बटणावर भरवसा नाही."

डिसेंबर. जबल शम्स.
बटण तीनदा फसलं, काडेपेटी चालली.
वाऱ्याच्या अंगाला दगड रचले,
पण लांब, डब्याला झळ लागणार नाही असे;
एवढं मला येतं.
लिमलेटच्या गोळ्यांच्या डबीत आणलेलं आलं ठेचलं.
पाण्याला तळाशी मोहरीएवढे बुडबुडे आले
आणि स्टोव्ह फुरफुरला.

आमच्या सिन्नरला चूल फुरफुरली
की म्हणतात, पाहुणा येणार.
मी हसले. या उंचीवर, या काळोखात?

आधी बकरी आली.
तिनं स्टोव्हचं माहितीपत्रक खाल्लं, अरबी बाजूकडून.
मग टॉर्च, मग टॉर्चमागे म्हातारी झुवैना,
खांद्यावर लोकरीच्या विणलेल्या पट्ट्या, विकायच्या.
सलाम केला आणि बसलीच,
जणू वेळ ठरली होती आणि मीच लवकर आले होते.

कप एकच. तो तिला.
मी पातेल्याच्या झाकणातून प्यायले, निम्मा हनुवटीवर.
आलं तिला लागलं. डोळे पुसत तिनं अजून मागितला.

दुसऱ्या आधणाला तिनं हात ज्योतीशी धरले,
खूप वेळ बघितलं, आणि मोडक्या हिंदीत विचारलं,
"छोटी है. इसकी माँ किधर?"

मी पूर्वेकडे बोट केलं, सूरकडे,
जिथं ती दहा मजल्यांची
या वेळीही जागी असणार, उपाशीपोटी.
झुवैनानं त्या दिशेला पाहिलं, मान डोलावली,
आणि पट्टीचे तीन रियाल सांगितले.
घासाघीस केली नाही.

आता तो डबा माझ्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी.
पाळीवरून आले की कानाशी हलवून बघते.
खुळखुळतो.
चार चहा असतील. किंवा दोन,
कोण येतं त्यावर.