पेवातली हवा

नव्या वर्गखोलीचा पाया खणताना
पहार एकदम आत गेली, हातातून निसटून,
आणि शाळेच्या मैदानाखाली
कुणाच्याच आठवणीत नसलेलं पेव निघालं.
'पेव फुटणे' मी दरवर्षी शिकवते, मराठीच्या तासाला.
विज्ञानाच्या तासालाही मीच असते.

गैबीसाबांना बोलावलं. निलंग्याकडच्या आमच्या पट्ट्यात
पेवात उतरलेला माणूस आता तेवढाच उरलाय.
ते तोंडाशी बसले, आत डोकावले नाहीत.
कंदील मागितला. दोरी बांधली. सोडला.
सात हातांवर ज्योत आखडली,
आठव्याला गेली.
वारा नव्हता. कुणी फुंकली नव्हती.

"दाण्यांनी दम घेतलाय, बाई.
घेऊन घेऊन सगळी हवा खाल्लीय.
रातभर तोंड उघडं ऱ्हाऊ द्या. पोरं लांब ठिवा."

शाळेची प्रयोगपेटी कुलपासकट हरवलेली.
त्यांच्याच चंचीतला चुना पाण्यात कालवला,
निवळू दिला, वरचं पाणी ग्लासात घेतलं,
ग्लास दोरीनं खाली.
बराच वेळानं वर आला तेव्हा त्याचं ताक झालं होतं.
केवळा म्हणाली, आता मी.
पपईचा देठ तोंडात धरून दुसऱ्या ग्लासात
फुंकत राहिली, गाल दुखेपर्यंत.
तेही ताक.
दोन्ही ग्लास खिडकीत ठेवले, शेजारी शेजारी.

मग फळ्यावर बाण.
शाळूचं पान काढलं, पेरावर उभं.
खाली काळ्या रानातली मुरलेली ओल,
वर माघातलं ऊन,
पानाला डोळ्यांना न दिसणारी तोंडं,
त्यांतून आत येणारी हीच हवा, कंदील विझवणारी.
हरितलवकात पाणी फुटतं, साखर जुळते,
साखर ताटातून कणसात चढते, तिथं पीठ होऊन बसते.
प्राणवायू सांडतो बाहेर.
त्या सांडलेल्यावर आपलं चालतं, मी म्हणाले,
आणि खडू मोडला.

उलटा बाण मोडक्या तुकड्यानं काढला.
पेशीत तंतुकणिका. तिथं तीच साखर जळते,
ना धूर ना जाळ.
एकदम पेटली तर पेशी करपेल,
म्हणून मोड करून देतात, सुटी नाणी,
एटीपी त्यांचं नाव.
"आन् रात्री झाड?" बसलिंगनं विचारलं.
तेही. रात्रीही, दिवसाही.
"आन् कणगीतला दाणा?"
तोही. कोरडा, अंधारात, होईल तेवढा कमी.

दुसऱ्या दिवशी परत कंदील सोडला. तेवत राहिला.
गैबीसाब उतरले, घमेलंभर ज्वारी वर पाठवली.
काळपट, आंबूस, बोटांत भुगा होणारी.
बऱ्यातले बरे वीस दाणे ओल्या कापसात ठेवले.
आठ दिवस पोरं मधल्या सुट्टीत खेळायला गेली नाहीत.
एकालाही मोड नाही.

कुणी पुरले, कुठल्या साली, काय होईल म्हणून,
गावात कुणी सांगेना.
आतल्या आत आपलं ऊन खर्चत,
कुणी तरी उघडेल, तोवर.
"मंग दम कशाला घेतला?" केवळा म्हणाली.
हा प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायात नाही.
मी डबा उघडला. भाकरीचा तुकडा प्रत्येकाला दिला,
म्हणाले, गिळू नका, चावत राहा.
एवढा शांत वर्ग मी आजवर पाहिला नव्हता.
बऱ्याच वेळानं बसलिंगनं मान हलवली:
गोड लागायलंय.

ग्लासांच्या तळाशी तोवर पांढरा थर बसला होता.
गैबीसाबांनी बोटावर घेतला, जिभेला लावला, थुंकले.
"चावत न्हाई. मेला हा चुना.
तंबाखूला कामाचा न्हाई."
कोणता ग्लास पेवाचा, कोणता केवळाचा,
कुणालाच सांगता येईना.

ती उठली. एका ग्लासातला थर बोटानं काढून
फळ्यावर नाव लिहिलं.
ओलं होतं तोवर काहीच दिसत नव्हतं.
पोरं हसली.
मग वाळायला लागलं,
आधी काना.