परुळेकर प्रिंटर्स

रुवीतल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर
अरबीत आम्ही बरुलेकर.
त्या लिपीत प नाही,
ळ तर नाहीच.

बाबांना अरबी वाचता येत नाही.
भिंग लावून टिंबं मोजतात,
उजवीकडून.
एकदा एक गळलं –
आठशे लग्नपत्रिका.
त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर
अजून चालतो आईचा हिशेब.

दमट हवेत कागद वळतो,
म्हणून मस्कतचा अख्खा उन्हाळा
एसी दुकानात,
घरी पंखा.

परवाना नवा झाला, म्हटलं पाटीही करू.
स्क्रीनवर मी फारसीतून उसना प आणला,
पोटाखाली तीन टिंबं असलेला.
प्रूफ काढलं.

बाबांनी भिंग फिरवलं, दोनदा.
लाल पेन मागितलं.
"दोन टिंबं जास्त पडलीत,"
म्हणाले,
आणि खोडली.