माझी तीन मिनिटं

नाव इद्वल प्रिचर्ड. या बागेचा रखवालदार, सव्वीस वर्षं.
हो, तोच मी, तुमच्या पोरांच्या वाटेवर
ओंडके टाकणारा.

घड्याळ सुरू झालं का? बरं.

अध्यक्षबाई, ही टेकडी देवानं केलेली नाही.
आमच्या बापांनी खाणीतून उपसलेली काळी माती ती.
वरून सरकारनं गवत शिवलं, बाकं ठोकली
आणि पाटी लावली: सार्वजनिक उद्यान.
खाली चौदा मनाया. दर वसंतात मीच रंगवायचो.
सायकल सातव्या ओळीत होती.

पहाटे मी ओंडका आडवा टाकायचो,
संध्याकाळी तो बाजूला.
पुन्हा मी. पुन्हा ती.
एकमेकांचं तोंड न बघता
आठ वर्षं चाललेला हा पत्रव्यवहार.
एकदा ओंडक्यावर बिस्किटांचा पुडा ठेवलेला होता.
मी खाल्ला नाही.
(खाल्ला. नोंदवायचं तर नोंदवा.)

मग तो नोव्हेंबर. तीन दिवस, तीन रात्री पाऊस.
परिषदेची खडीची वाट, कंत्राटी, नाकासमोर उतरणारी,
पायऱ्यांसकट ओढ्यात जाऊन बसली.
बॅटरी घेऊन मी नुकसान मोजत होतो,
तर नेच्यांच्या आत पोरांची वाट
जागच्या जागी!
उताराला आडवी धरून वळत वळत गेलेली,
दर वीस पावलांवर बाहेर किंचित कललेली,
जणू पाण्याला सांगतेय, इथून जा बाबा, धावू नकोस.

कोणी शिकवलं हे, मी विचारलं.
बापाचं फावडं घेऊन उभी एक मुलगी,
भुवयांपर्यंत चिखल,
मॅब्ली तिचं नाव, वय पंधरा.
म्हणाली, "पाण्याकडे बघत बसलो.
इथं दुसरं आहे काय करायला?"

त्याला, मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पाटी होती.

ग्लेनिसबाई मागच्या रांगेत बसल्यात.
त्यांच्या पिपचा पाय गेल्या उन्हाळ्यात
एका चाकाखाली आला. अजून लंगडतो.
त्यांचा राग खरा आहे. मी जखम बांधली होती, मला माहीत आहे.
म्हणून तर म्हणतो, वाट द्या.
आज चाक कुठूनही येतं,
बाकांमधून, बाबागाड्यांमधून,
ब्लूबेलच्या निळ्या फुलांवरून.
पाण्याला जागा नाही दिली की ते कुठं शिरतं,
ते आपापल्या तळघरांना विचारा.

उत्तरेचा उतार द्या, बॅजरच्या बिळांपासून लांबचा.
चढायची एक वाट, उतरायची एक.
पायवाट जिथं आडवी येते, तिथं असं वळण
की वेग आपोआप मरावा.
पैसे नकोत. बत्तीस फावडी आहेत, मोजलीत मी.
तेहतिसावं माझं.

घंटा वाजली? वाजली.
एकच सांगतो.
माझा गुडघा गेलाय, मी काही सायकलवर बसणार नाही.
पण वरच्या बाकावर बसलं की संध्याकाळी
झाडांतून साखळ्यांची खडखड येते, कुणीतरी ओरडतं.
या टेकडीच्या पोटातून कुणी ओरडलं की
लहानपणी आमच्या आया दारात येऊन उभ्या राहायच्या.
अजून छातीत धस्स होतं.
मग ऐकू येतं, हसताहेत.

बसतो.

*

निर्णय पुढच्या महिन्यावर गेला.
घरी जाताना बागेतून गेलो.
माझा शेवटचा ओंडका होता तिथंच,
शेवाळ धरलेला, अर्धा जमिनीत रुतलेला.
लोटून पाहिला. हलेना.
मागे साखळी वाजली.
ग्लेनिसबाईंनी पिपला झाडाला बांधलं,
हातमोजे काढून खिशात कोंबले.
"मी अजून विरोधातच आहे," म्हणाल्या,
"ते टोक धरा."