जानेवारीतली मान

रेयोने मान घेतली कुओपिओच्या एका बाईकडून,
चाळीस युरोत. तारा नाहीत, खुंट्या नाहीत.
"नवऱ्याची होती," एवढंच म्हणाली
आणि दिली वर्तमानपत्रात गुंडाळून, माशासारखी.

धड घरीच कापलं:
जुन्या सौनातला अल्डरचा बाक,
तीस वर्षं घाम प्यायलेला.
रंधा मारला तसा वास सुटला
धुराचा, बर्चच्या पानांचा, भावाच्या पाठीचा.

सांधा जुळवताना मानेच्या टाचेवर पेन्सिलीची अक्षरं:
तिसरा प्रयत्न. हळू.
ती त्याने घासली नाहीत.

तांपेरेत बाहेर उणे बावीस, आत हीटर.
लाकूड आकसतं, धातू नाही;
पडद्यांची टोकं कडेने बाहेर येतात,
तळहाताला मांजरासारखी बोचकारतात.
रेयो बारीक कानस फिरवतो,
मग आतल्या सळईला किल्लीचा पाव फेरा.
बास.
मान फार ताठली तर तारा कुरकुरतात,
फार वाकली तर बोटं रडतात.

गुरुवारी शाळेच्या तळघरात चौघं वाजवतात.
त्याचं वाजणं कुणाला ऐकू येत नाही,
थांबलं की सगळे वळतात.

काल थांबलं. जाड तार घसरली.
तेर्होच्या काठ्या हवेतच.
रेयो खुंटी पिळत, कुणाला कोण जाणे, म्हणाला:
हळू.