अस्सल बरहुकूम

अंबाजोगाईच्या लॅबमध्ये, रात्रपाळीला,
पडद्यावर रेषा चढत जायच्या.
सोळा. अठरा. बावीस.
आकडा जितका लहान, तितका घसा भरलेला.
मी नावं वाचत नव्हते, बारकोड वाचत होते.
नावं वाचली असती तर हात थांबला असता.

आमच्या गल्लीत मुनीरोद्दीन चाचा.
तेहेतीस वर्षं तहसिलीत निजामकाळचे कागद वाचले त्यांनी,
गावाचं नाव अजून मोमिनाबाद असलेले,
आणि खाली शिक्का मारला:
अस्सल बरहुकूम खरी नक्कल.
एकदा चहा बशीत ओतताना म्हणाले,
खरी नक्कल असं काही नसतंय बघ पोरी.
लिहिणाऱ्याला झोप येती, बोटाला घाम येतो,
'नाला' लिहायला जावं
तर वरचा नुक्ता खाली उतरतो,
नाल्याचा 'बाला' होतो.
तिकडं शिवारात बांध सरकतो.
दोन भाऊ अठरा वर्षं कोर्टात.
शाई किती लागली?
मुंगीच्या डोळ्याएवढी.

पुस्तकातला विषाणू मला नंतर भेटला.
तीस हजार अक्षरांचा दस्त,
आणि आपली एकेक पेशी त्याचा नक्कलखाना.
तोही अगदीच बेफिकीर नाही,
चुका खोडणारा कारकून सोबत घेऊन फिरतो.
तरी राहतात.
बहुतेक चुका जागीच मरतात.
काही नुसत्याच पुढं जात राहतात,
रेशनकार्डावर चुकलेली माझ्या आडनावाची वेलांटी
तीन पिढ्या पुढं जाईल, तशा.
आणि एखादी,
सहाशे चौदाव्या जागेवरची,
काट्याचं तोंड जरा जास्त उघडं ठेवते.
एवढंच.
मनात काही नसतं तिच्या. मनच नसतं.
जी नक्कल जास्त दारांत शिरते
तिच्याच जास्त नकला निघतात.

दुसऱ्या एप्रिलात बिलकिस चाची गेल्या.
नवव्या दिवशी.
सहाशे एक्क्याऐंशीवी जागा, असं मी मनाशी म्हटलं,
कुठल्यातरी आकड्याला
दोष द्यायचा होता म्हणून.

मग लस आली. लस म्हणजे हुलिया.
नाक असं, कपाळावर तीळ तसा,
दिसला की धरा.
रक्तातल्या पहारेकऱ्यांनी पाठ केला.
आणि जानेवारीत जो आला
त्याच्या एका काट्यावर तिसाहून जास्त बदल.
चारशे चौऱ्याऐंशीव्या जागी,
जिथं पहारेकऱ्याचं बोट नेमकं बसायचं,
तिथं तीळच नव्हता.

चाचा स्वतः आले, मफलर गुंडाळून.
घसा दुखायलाय गं.
आकडा सतरा.
दोन डोस घेतले, एकदा होऊन गेला,
मग ह्यो आत आलाच कसा?
मी म्हटलं, चाचा, नाल्याचा बाला झालाय.
तीस ठिकाणी.
हसले. हसताना खोकला आला.
मग म्हणाले, बांध किती सरकला ते सांग.

ते मला माहीत नव्हतं.
नमुना पुण्याला पाठवला होता.

चौथ्या दिवशी ताप उतरला.
पहारेकरी फसले तरी आत दुसरेही असतात,
चेहरा न बघणारे,
फाटके तुकडे वाचणारे.
वाळवीनं खाल्लेल्या चार ओळींवरून
दस्त कुणाचा ते सांगायचे ना चाचा,
तसे.

फेब्रुवारीत पुण्याचा कागद आला.
ओट्यावर बसून वाचून दाखवला,
जागा, जुनं अक्षर, नवं अक्षर.
चष्मा लावून ऐकत होते,
जणू फेरफार मंजूर करायचाय.
शेवटी विचारलं,
आणि तुझ्या चाचीचा?

तो पाठवलाच नव्हता, चाचा.
त्या एप्रिलात फ्रीजमध्ये जागा नव्हती.
टाकून दिले.

काही बोलले नाहीत.
कागद उलटा केला,
कोऱ्या बाजूवर उर्दूत लिहिलं: बिलकिस.
खाली एक नुक्ता. वर दोन. खाली दोन.
पाच.
पेनाच्या टोकानं परत मोजले.