दीड वाजताचं आभाळ

रोज दुपारी दीडच्या सुमाराला
तुंबा सरोवरावरून एक यंत्र जातं.
दिसत नाही, ऐकू येत नाही.
बोलुंबू मात्र त्या वेळेला
होडीतला डबा बाजूला सारून मान वर करते
आणि म्हणते, ढग.

वहीत एकशे बारा दिवस.
त्यांतले मोकळे नऊ.

बुडालेल्या जंगलात, कमरेइतक्या पाण्यात
ती बुंध्याला पारदर्शक पेटी बांधते,
कडांना चिकणमाती लिंपते.
मग थांबायचं. दहा मिनिटं. वीस.
खाली गाळात जे जे कुजलं,
पानं, मासे, मागल्या पुरात गेलेली कुणाची चटई,
त्याचा वायू होतो, मुळं तो ओढून घेतात,
झाड तो सालीवाटे सोडून देतं.
वास नाही, रंग नाही.
पडद्यावर शेवटचा अंक तेवढा हलतो.

वल्हं मारणाऱ्या एकोफोला याचं हसू येतं.
"वायूच हवा ना?"
तो वल्हं गाळात रोवतो,
बुडबुडे उसळतात, तो काडी पुढे धरतो,
निळा आग्यावेताळ हातभर नाचून विझतो.
"लिही. एक."

ती लिहीत नाही.
नंतर, समासात, लिहिते.

ऊन पानांवर पडतं, परत वर जातं,
वाटेत त्यातला एक बारीकसा रंग
वायूनं खाल्लेला असतो.
उष्ट्या ताटावरून ओळखावं
कोण जेवून गेलं आणि किती,
तसा हा वरचा हिशेब.
पण काळ्या पाण्यावरून ऊन परतत नाही,
ढगाखालचं ताट कुणी पाहत नाही,
आणि रात्री जंगल काय सोडतं
ते रात्रीलाच ठाऊक.

किसांगानीतल्या खोलीत, जनरेटर चालू असेतो,
जंगल म्हणजे सात किलोमीटरचे चौकोन.
एका चौकोनात एकोफोचं सगळं गाव,
त्याची जाळी, दोन्ही सासुरवाड्या, स्मशान.
जिथे आभाळ मिटलं तिथे जागा रिकामी राहत नाही,
तिथे बसतो आधीचा अंदाज.
अंदाजपंचे दाहोदरसेच,
फक्त शेजारी लिहिलेलं असतं
चूक किती असू शकते.

एकशे तेराव्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं.
"आज आपण दिसतोय," बोलुंबू म्हणाली.
एकोफोनं वर पाहिलं,
मग सावकाश, काही न बोलता,
सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

आकडा यायला तीन आठवडे लागले.
तिनं तो तीनदा तपासला,
बुंध्यांच्या बेरजेशी ताडून पाहिला,
आणि धक्क्यावर त्याला गाठून सांगितलं,
"जास्त निघाला. जवळजवळ दुप्पट."

तो जाळ्याची गाठ सोडवत होता.
"कुणापेक्षा?"

ती थांबली.
"आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा."

"मला विचारायचं होतं," तो म्हणाला,
आणि गाठ दातात धरली.